नियम चार ओळींचा, ग्राफ रॅममध्ये मावेना

प्रश्न : सरकत्या सोंगट्यांचं 3×3 कोडं माझा बीएफएस (ब्रेड्थ-फर्स्ट सर्च, म्हणजे एकेका चालीचा थर पुरा करत शोध) प्रोग्रॅम चटकन सोडवतो. त्याच नियमावर 4×4 दिलं की 8 जीबीचा लॅपटॉप गारठतो. कुठे चुकतंय?
(बीसीएची विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर : प्रोग्रॅम बरोबर आहे, फुगलाय तो ग्राफ (प्रत्येक मांडणी म्हणजे एक नोड, दोन मांडण्यांना जोडणारी चाल म्हणजे कड). 3×3 वर गाठता येणाऱ्या मांडण्या 9! च्या निम्म्या, म्हणजे 1,81,440. 4×4 वर 16! च्या निम्म्या, म्हणजे सुमारे 10 लाख 46 हजार कोटी. प्रत्येक मांडणीला ‘पाहिली’ एवढी एका बिटाची खूण केली तरी 1,300 जीबी लागतील. तुम्ही तर अख्खी मांडणी साठवताय. ती 8 बाइटांत कोंबली तरी 8 जीबीत जेमतेम 107 कोटी मावतात.

बीएफएस नोड आणि कडांच्या संख्येच्या प्रमाणात चालतो हे खरं, पण त्यात ग्राफ यादी करून हाती दिलेला असतो. इथे नकाशाच नाही, प्रत्येक फाट्यावर फक्त पाटी आहे, म्हणजे पुढच्या चाली सांगणारा नियम. (पाटी कुठल्या भाषेत, हा वाद आपल्याकडे आधीच पुरेसा आहे.) अशा थोडक्यात वर्णन केलेल्या ग्राफांचा अभ्यास गॅल्पेरिन आणि विग्डरसन यांनी 1983 मध्ये मांडला. पाटीचा नियम कसाही असू शकत असेल, तर ‘इथून तिथे वाट आहे का’ एवढा प्रश्नही पीस्पेस-कम्प्लीट होतो, म्हणजे मर्यादित मेमरीत सुटणाऱ्या प्रश्नांतल्या सर्वांत अवघडांपैकी एक. तुमचा नियम सुदैवाने सरळ आहे.

आयडीए-स्टार वापरा : झालेल्या चाली अधिक उरलेल्या चालींचा अंदाज एका मर्यादेत ठेवून शोधायचं, वाट नाही मिळाली तर मर्यादा वाढवून पुन्हा फेरी मारायची. त्यात पाहिलेल्या मांडण्या साठवत नाहीत, फक्त चालू वाट लक्षात ठेवतात, आणि 4×4 ला 80 पेक्षा जास्त चाली कधीच लागत नाहीत. अंदाजासाठी प्रत्येक सोंगटी आपल्या घरापासून किती ओळी आणि किती रकाने दूर आहे ते मोजून बेरीज करा. 15 ची सोंगटी वरच्या उजव्या कोपऱ्यात असेल तर 3 + 1 = 4. रिकामं घर या बेरजेत धरू नका. बहुतेकांचं इथेच फसतं : ते धरलं तर अंदाज खऱ्यापेक्षा मोठा होऊ शकतो आणि मिळालेली वाट सर्वांत छोटी असेलच असं नाही. दर चालीला बेरीज नव्याने करू नका, सरकलेल्या सोंगटीपुरती बदला. आधीची चाल लगेच उलटवणंही बंद करा. मर्यादा दर फेरीला 2 ने वाढवली तरी चालते, कारण एका चालीने अंदाज 1 नेच बदलतो.

आणि सुरुवातीलाच सम-विषम तपासा : पट ओळीओळीने वाचताना मोठी सोंगटी लहानीच्या आधी आलेल्या जोड्या मोजा, त्यात रिकाम्या घराची ओळ खालून (सर्वांत खालची 1) मोजून मिळवा. बेरीज सम आली तर कोडं सुटणारच नाही. नुसती 14 आणि 15 ची अदलाबदल केलेल्या पटावर ही तपासणी नसेल तर प्रोग्रॅम मर्यादा वाढवत बसेल.

प्रश्न : 20 बिटांचे कोड, एका चालीत एकच बिट उलटतो. दोन कोडांमधलं अंतर बीएफएसनेच काढायचं का?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : नको. नोड 10,48,576 आहेत, पण एकालाही हात लावायची गरज नाही. एक्सॉर करा (दोन कोडांत बिट वेगळा तिथे 1, सारखा तिथे 0) आणि 1 किती आले ते मोजा, तेच अंतर. मात्र काही कोड वर्ज्य ठरवले की हे सूत्र कोसळतं. मग शोध घ्यावाच लागतो, तोही दोन्ही टोकांकडून एकाच वेळी.