चोरीचा आळ आणि तारखेचा पुरावा

प्रश्न : माझा लेख चोरलेला असल्याचं एका ब्लॉगलेखकाने जाहीर लिहिलंय. खरं तर त्याचाच लेख माझ्यानंतरचा आहे. सडेतोड उत्तर देऊ का?

उत्तर : आज नको. आधी त्याचं लिखाण वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) ‘सेव्ह पेज नाऊ’मधून साठवा, कारण पुरावा मागितला की अशा पोस्ट गुपचूप बदलल्या जातात. वेब-पत्ता आणि तारीख दिसेल असा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉटही ठेवा. पण नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, तो खोटा बनवता येतो.

आता तुमची बाजू. ब्लॉगवर दिसणारी तारीख मागची टाकता येते, त्यामुळे ती एकटी पुरत नाही. गूगल डॉक्समधला आवृत्त्यांचा इतिहास, वर्डप्रेसमधले जुने मसुदे, संपादकाला पाठवलेली ईमेल काढा. वेबॅकवर तुमच्या पानाची जुनी प्रत सापडली तर फारच उत्तम.

मग त्याला खासगीत चार ओळी लिहा : कोणतं वाक्य खोटं, पुरावा काय, दुरुस्ती कधीपर्यंत हवी. हेतूंबद्दल अवाक्षर नको. ‘तूच चोर’ लिहिलंत की भांडण तुमच्या भाषेवर घसरतं. उत्तर आलं नाही, तर स्वतःच्या ब्लॉगवर एकच खुलासा टाका आणि टिप्पण्यांतल्या हाणामारीत उतरू नका.

त्याने डीएमसीएखाली, म्हणजे अमेरिकेच्या ऑनलाइन कॉपीराइट कायद्याखाली, तक्रार करून तुमचा लेख उतरवायला लावला असेल, तर ब्लॉग-सेवा देणाऱ्या कंपनीकडे प्रतिनोटीस, म्हणजे त्या तक्रारीला लेखी हरकत, देता येते. त्याने कोर्टात दावा लावला नाही, तर साधारण 10 ते 14 कामकाजी दिवसांत लेख परत दिसू लागतो. मात्र त्या नोटिशीतलं तुमचं खरं नाव आणि पत्ता त्याच्यापर्यंत पोहोचतो. टोपणनावाने लिहीत असाल, तर आधी वकिलाला विचारा.