‘सहा महिन्यांत मोकळ्या व्हाल’ म्हणणारे वकील

*ताई, मी पुण्याची, वय 34. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची. पाच महिन्यांपासून माहेरी आहे. नवराही संमतीनं घटस्फोट द्यायला तयार आहे. दोन वकिलांना भेटले. पहिले म्हणाले, “वकीलपत्रावर सही करा, सहा महिन्यांत मोकळ्या व्हाल. पन्नास लाख मिळवून देतो, त्यातले दहा टक्के माझे. दबावासाठी आधी पोलिसात तक्रार टाकू.” दुसऱ्या वकीलबाईंनी तासभर प्रश्नच विचारले, रकमेचं नावही काढलं नाही. घरचे म्हणतात, पहिलेच धडाडीचे. कुणाकडे जाऊ?*

दुसऱ्या बाईंकडे जा. का, ते सांगते.

तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं आहे असं धरते. संमतीच्या घटस्फोटाचं कलम 13-ब आहे. त्यात अर्ज करण्यापूर्वी दोघांनी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. तुम्हाला पाचच महिने झालेत. अर्ज दाखल झाल्यावर पुढचे सहा महिने थांबायचं, मग दुसऱ्यांदा दोघांनी कोर्टासमोर संमती द्यायची. हे सहा महिने माफ होऊ शकतात, सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये तसं सांगितलंय. पण त्यासाठी आधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी आणि मुलीच्या ताब्याचं सगळं ठरलेलं असावं. म्हणजे पहिल्या साहेबांचे ‘सहा महिने’ तुमच्या बाबतीत आजच्या तारखेला बसतच नाहीत. एक वाट मात्र आहे. एका छपराखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नातं त्याआधीच संपलं असेल, तर तो काळ ‘वेगळं राहणं’ म्हणून धरता येतो. माहेरी येण्यापूर्वी घरात काय परिस्थिती होती, हे बाईंनी विचारलं असेल तर त्याचं कारण हेच.

आणखी एक गोष्ट वकिलानं आधीच सांगायला हवी. हुकूम होईपर्यंत नवरा संमती मागे घेऊ शकतो, तुम्हीही. म्हणून अटी कशा लिहायच्या यावर खरं कसब लागतं. ठरलेल्या रकमेचा काही भाग अर्जाच्या वेळी आणि उरलेला दुसऱ्या संमतीच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टनं, कोर्टातच घ्यायचा. ‘नंतर देईन’वर सही करू नका. मुलीची फी कोण भरणार, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कुणाकडे, पासपोर्टला सही कोण देणार, हे सगळं कागदावर हवं. आणि घराच्या कर्जावर तुमचं नाव असेल, तर घटस्फोटाच्या हुकुमानं ते आपोआप निघत नाही. बँकेकडून वेगळं काढून घ्यावं लागतं. नवरा हप्ते थकवतो, वसुलीचा फोन बायकोला येतो, हे फार घडतं.

पन्नास लाखांचं म्हणाल, तर ते आश्वासन कुणी देऊच शकत नाही. पोटगीचा वाद असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तीन वर्षांची बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं आत्तापासून गोळा करा. तुमचीही, कारण तुम्ही कमावत्या असाल तर ते दडवणं अंगाशी येतं. दागिन्यांची यादी, बिलं, लग्नातले फोटो वेगळे काढून ठेवा. तुमचं स्त्रीधन ही तुमची मालमत्ता आहे, पोटगीत मोडत नाही.

आता ते दहा टक्के. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांत बसत नाही. हे वकिलाला ठाऊक असतं. एवढ्या एका वाक्यासाठीही मी त्यांच्या दारात पुन्हा गेले नसते.

तक्रारीबद्दल. छळ खरोखर झाला असेल तर जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. पण घासाघीस करायला म्हणून केलेली तक्रार संमतीच्या वाटेवरच धोंडा होते. समोरचे चिडतात, जामिनाला धावतात, आणि मग गुन्हा रद्द करायला सगळ्यांनाच उच्च न्यायालयात जावं लागतं.

बाईंना पुढच्या भेटीत हे विचारा: फी एकूण किती, कुठल्या टप्प्यावर किती, टायपिंग-नोटरी त्यात धरली आहे का, तारखेला त्या स्वतः येणार की ज्युनिअर. पावती मागा. वकील बदलावा लागला तर फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक तुमच्या दोघांशी थेट बोलतात, तिथे उत्तरं तुम्हालाच द्यायची असतात. त्याची तयारी बाई करून देतील का, तेही बघा. नवरा म्हणाला, “माझाच वकील दोघांचं बघेल,” तरी अटींचा मसुदा सहीपूर्वी तुमच्या वकिलाच्या नजरेखालून जायलाच हवा.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

– तुमची ताई