पिलबाग आणि शाईचे पेन

प्रश्न : नाना, नमस्कार. आमचं अमळनेरला वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळचे शाईचे पेन, निबांच्या डब्या, काचेच्या दौती माळ्यावर पडून होत्या. लॉकडाउनमध्ये त्या साफ करता करता मला नाद लागला. दोन वर्षांपूर्वी नुसत्या शाईच्या पेनांवर मराठीत वेबसाइट काढली. आतापर्यंत बावीस लेख झालेत, रोज चाळीसेक माणसं येतात. भाचा म्हणतो, "मामी, जाहिराती लाव, झोपेतसुद्धा पैसे येतील." खरंच येतात का? किती? आणि काय काय करावं लागतं?

उत्तर : ताई, झोपेत पैसे येतात हे खरं आहे. झोप उडावी इतके मात्र येत नाहीत. तुमच्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली, हे मला ठाऊक आहे. त्या हिशेबाने वेबसाइटकडे बघू नका, एवढंच.

माझंच सांगतो. भुसावळच्या लोको शेडमध्ये नोकरी केली आणि रविवारी व्हॉल्व्हचे जुने रेडिओ उघडून बसलो. निवृत्तीनंतर त्याच विषयावर वेबसाइट काढली. बायको रात्री उठून विचारायची, "काय करी राह्यनात हाई रातभर?" सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, कारण पहिले शंभर डॉलर जमायलाच मला सव्वा वर्ष लागलं. ॲडसेन्स म्हणजे गूगलची वेबसाइटवर जाहिराती लावायची सोय. तिचा नियम आहे, शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. झाले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. रोजच्या चाळीस माणसांवर तुमचे महिन्याकाठी चहा-पोह्यांचे निघतील. मराठी पानांवर मिळणारा भाव तसाही कमीच असतो.

माझ्याकडे माणसं कशी वाढली, ते ऐका. मी मोठ्या हौसेने एक लांबलचक लेख लिहिला होता, मार्कोनीपासून विविध भारतीपर्यंत. तीन आठवडे घालवले. तो कोणी वाचला नाही. माझ्या मुलीनेही नाही, आणि तिने तसं तोंडावर सांगितलं. त्याच सुमारास एका गिऱ्हाइकाचा फिलिप्सचा रेडिओ टेबलावर होता, डायलचा दोरा तुटलेला. बटण फिरवलं की काटा स्टेशनांवरून सरकतो, तो या दोऱ्यामुळे. तुटला की हातात नुसता दोरा येतो. तो कुठून निघून कुठल्या पुलीखालून गेला होता, मोठ्या चाकाला किती वेढे होते, स्प्रिंग कुठे अडकवली होती, काही म्हणता काही कळत नाही. मी दोन दिवस खटपट केली, चार वेळा दोरा उलटा बसला आणि काटा मुंबईकडे न्यायचा तर सिलोनकडे पळायला लागला. शेवटी जमलं, तसं आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने चित्र काढलं, बाणांनी क्रम दाखवला, मोबाइलने फोटो घेतला आणि खाली आठ ओळी लिहून टाकून दिलं. आज माझ्याकडे येणाऱ्या दर तीन माणसांतला एक त्या पानावर येतो.

तो माणूस रेडिओ उघडून, हातात दोरा धरून अडकलेला असतो. त्याला मार्कोनी नको असतो.

मग तुमचा पेनवाला कुठे अडकतो? तुम्ही रोज दुकानात बसता, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी एक सुचवतो. ड्रॉपरने शाई भरायचा पेन अर्ध्याच्या वर रिकामा झाला की ओकायला लागतो. आत शाई कमी, हवा जास्त. हाताच्या उबेने हवा फुगते आणि शाईला निबेतून बाहेर ढकलते. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे कधीमधी घडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की खिशातल्या पेनाचं काय होतं, हे खानदेशातल्या माणसाने लिहायचं नाही तर कोणी? दुकानातले पाच पेन घ्या, सगळ्यांत एकच शाई भरा. कुठला अर्धा, कुठला पाऊण, कुठला काठोकाठ. शर्टाच्या खिशात, निबा वर करून, दुपारी दोन वाजता बाजारात चक्कर मारा (शर्ट जुना घ्या). घरी येऊन टोपणं उघडा, आतले डाग मोजा, फोटो काढा. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावून पुन्हा करा. त्या पानाला गिऱ्हाइक मिळेल, आणि असं पान दुसऱ्या कोणाकडे नसेल.

तसंच दुसरं : वाळलेल्या शाईने निबेखालची जीभ चोंदते. लोक ती गरम पाण्यात टाकतात आणि एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, काळा पेन तपकिरी करून बसतात. स्पिरिट लावणारेही आहेत. साध्या पाण्यात रात्रभर भिजवायचं, हे फोटोंसकट सांगा. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई पेनात भरून रडत आलेली पोरं तुमच्या काउंटरवर आली असतीलच. तेही एक पान.

लोक काय शोधत येतात, हे ओळखायला गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. कोणते शब्द टाइप करून माणूस तुमच्यापर्यंत आला, ते त्यात दिसतं. महिन्यातून एकदा बघा. रोज बघाल तर वेड लागेल, मी अनुभवाने सांगतो.

आता पिलबागेचं. केळीची पहिली कापणी झाली की बुंध्याशेजारचं एक पिल, म्हणजे कोंब, राखायचं, त्याच्यावर पुढचा घड घ्यायचा. नवी लागवड नाही, नवं बेणं नाही. शहरातल्या माणसाला वाटतं, म्हणजे फुकट. पण पाणी सुटत नाही, खत सुटत नाही, आणि मुख्य म्हणजे आजूबाजूला फुटलेली बाकीची पिलं वेळेवर कापावी लागतात, नाहीतर एकही जोर धरत नाही. वेबसाइटचं अगदी असंच आहे. दर दिवाळीनंतर मी आठ दिवस बसतो. बंद पडलेल्या लिंक काढतो, न मिळणाऱ्या सुट्या भागांच्या जागी मिळणारे लिहितो, आणि चार-दोन निकामी लेख कापतो. मार्कोनी मागच्याच वर्षी गेला.

जाहिराती लावायच्याच तर चार गोष्टी सांभाळा. दहा डॉलर जमले की गूगल तुमच्या पत्त्यावर पोस्टाने एक पिन धाडतं. तो चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती दिसायच्या थांबतात. मी पत्ता दिला होता रेल्वे क्वार्टरचा आणि तोवर क्वार्टर सोडलं होतं. तिथे नव्याने आलेल्या माणसाने पाकीट रद्दीत टाकलं, त्याचा काय दोष. दुसऱ्यांदा मागवावा लागला. तेव्हा पत्ता दुकानाचा द्या, जिथे दिवसभर कोणीतरी असतं.

दुसरं, घरच्यांना ताकीद द्या. माझ्या जावयाने प्रेमापोटी रोज सकाळी माझ्या जाहिरातींवर बोट दाबायला सुरुवात केली होती आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीच्यांनाही सांगत होता. मी हात जोडले. असले क्लिक पकडले जातात आणि खातं बंद होतं. भाच्याला हे आजच सांगा.

तिसरं, ॲमेझॉनची लिंक देऊन शाई विकली गेली तर कमिशन मिळतं, पण खातं उघडल्यापासून १८० दिवसांत निदान तीन विक्र्या झाल्या पाहिजेत, नाहीतर खातं बंद करतात. घरच्यांनी घेतलेलं त्यात धरत नाहीत. म्हणून ते खातं आत्ताच उघडू नका, माणसं वाढू द्या. आणि लिंकवर कमिशन मिळतं, हे पानावर स्वच्छ लिहा.

चौथं, खर्च. पहिल्या वर्षी स्वस्तात होस्टिंग (वेबसाइट ठेवायची जागा) देऊन दुसऱ्या वर्षी तिप्पट मागणारे पुष्कळ आहेत. तुमच्या बावीस लेखांना गूगलचं ब्लॉगर पुरेल, ते फुकट आहे; फक्त स्वतःच्या नावाचा डोमेन (वेबसाइटचा पत्ता) घ्या आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहा. माझं एटीएम कार्ड बदललं, पैसे कापले गेले नाहीत आणि अकरा दिवस साइट बंद होती. मला कळलंही नाही, नागपूरच्या एका वाचकाने फोन केला तेव्हा समजलं.

जे मिळेल ते प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायचं. दुकानाचे हिशेब बघणारे तुमचे सीए असतील, त्यांना विचारा.

हे सगळं सांगून झाल्यावर खरी गोष्ट. मागच्या महिन्यात मला जाहिरातींचे १,४०० रुपये जमले. दोऱ्यांच्या चित्रांची मी एक पुस्तिका केली आहे, दीडशे रुपयांची, यूपीआयने पैसे आले की पीडीएफ पाठवतो. तिच्या त्याच महिन्यात एकोणीस प्रती गेल्या, म्हणजे २,८५०. जाहिरातींच्या दुप्पट. आता तर गूगल स्वतःच वर उत्तर लिहून दाखवतं, त्यामुळे नुसती माहिती वाचायला येणारी माणसं माझ्याकडे कमी झाली. पुस्तिका घेणारे कमी झाले नाहीत.

आणि माझ्याकडे दुकान नाही, तुमच्याकडे आहे! माळ्यावरच्या त्या पेनांना धुऊन, निब पारखून, शाई भरून अर्धं पान लिहून बघा. त्या अर्ध्या पानाचा फोटो पेनाच्या फोटोशेजारी लावा, खाली किंमत आणि टपालखर्च लिहा. घेणाऱ्याला निब जाड लिहिते की बारीक, हे बघायला मिळत नाही म्हणून तो कचरतो. तेवढं दाखवलंत की झालं. जाहिरातीवरचं बोट दोन-पाच रुपये देईल, एक पेन तीन-चारशे देईल. शंभर डॉलरची वाट बघत बसण्यापेक्षा पहिले दहा पेन या महिन्यात लावा. सासऱ्यांना विचारून, अर्थात.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो, एआयकडून पाचशे लेख लिहून घेऊ, विषय कुठलाही, पैसे सुरू होतील. मी शहाद्याला पपईची शेती करतो, यातलं मला कळत नाही. करू द्यावं का?

उत्तर : करू द्या, पण घरचे पैसे घालू देऊ नका. नुसता आकडा वाढवायला टाकलेली पानं खाली ढकलायचे गूगलचे नियम आहेत, आणि जाहिरातींसाठी अर्ज केला की 'मजकुराला मोल नाही' म्हणून तो परत येतो. मुलाला विचारा, पाचशे विषयांतल्या एकातरी विषयात त्याचे हात काळे झालेत का? नसतील तर तुमच्या पपईच्या शेतात आठ दिवस पाठवा आणि तिथलं एक पान लिहायला सांगा.

प्रश्न : पाचोरा-जामनेर गाडीचे वडिलांनी काढलेले दीडशेच्या वर फोटो घरात आहेत. साइट काढली तर कमाई होईल का? (जामनेर)

उत्तर : अडीच फुटी रुळांवरची ती गाडी आता धावत नाही, त्यामुळे ते फोटो पुन्हा कोणाला काढता येणार नाहीत. साइट नंतर. आधी स्कॅन करा, मोबाइलने फोटोचा फोटो नको. प्रत्येकामागे वडिलांनी काही लिहिलंय का ते उलटून बघा आणि लिहिलेलीही बाजू स्कॅन करा. ते हयात असतील तर एकेक फोटो समोर ठेवून बोलतं करा आणि रेकॉर्ड करा : स्टेशन कुठलं, इंजिनावर कोण, डब्याच्या दारात उभी असलेली बाई कोण. साइटवर लहान आकाराचे टाका. मोठी छापील प्रत मागेल त्याला विका. रेल्वेचे वेडे देशभर आहेत, मी चाळीस वर्षं त्यांच्यातच काढली. आणि शेंदुर्णी स्टेशनचा एखादा असेल, तर पहिलं गिऱ्हाइक मी.