माय-बाबांना घेऊन वाळवंट पार करावं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातले कास्तकार. बाबांनी जन्मभर पऱ्हाटीशिवाय काही पाह्यलं नाही, म्हणून मी, बायको, दोन पोट्टे आणि माय-बाबा असे सहा जण बारा दिवस उझबेकिस्तानला जायचं म्हणून राहिलो. ट्रॅव्हलवाला म्हणते ताश्कंद-समरकंद करा न परत या, खिवा लय दूर आहे, मधात नुसतं वाळवंट, म्हाताऱ्यांना झेपत नाही. बाबा सत्तरीचे, मायचे गुडघे दुखतात आणि ती माळकरी आहे. कधी जावं आणि खिवा करावं का नाही?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, खिवा सोडू नका, बाकी काही कमी करा पण ते सोडू नका. मी माझ्या आईला घेऊन गेली होती, तिचेही गुडघे तसेच, म्हणून सांगून राहिली.

फक्त उलटं फिरा. सगळे ताश्कंदहून सुरू करतात आणि थकल्यावर वाळवंटाकडे निघतात, तिथंच म्हातारे माणसं बसून जातात. तुम्ही दिल्लीहून ताश्कंदला उतरा, एक रात्र आराम करा, आणि दुसऱ्या दिवशी विमानानं सरळ उर्गेंचला जा, तिथून खिवा गाडीनं पाऊण तास. मग येताना बुखारा, समरकंद, ताश्कंद असं हळूहळू या. समरकंदहून ताश्कंद फास्ट ट्रेननं सव्वादोन तासांत होते, तिकिटं मात्र लवकर संपतात, आधीच काढून ठेवा.

खिव्याच्या जुन्या गावाला इचान-कला म्हणतात, 1990 साली ते जागतिक वारशात गेलं. भोवताल दहा-दहा मीटर उंच मातीचा कोट. आपल्या गावातली गढी आठवा, तीच माती, तेच कुटार मिसळून केलेलं लिंपण, फक्त ही पडली नाही, माणसं अजून आत राहतात. बाबांना हे मी सांगायची गरज नाही, ते हात लावूनच ओळखतील. मायला मिनारावर चढवू नका, पायऱ्या उंच अन अंधाऱ्या आहेत. जुमा मशिदीत न्या, दोनशेच्या वर कोरीव लाकडी खांब, सपाट जमीन, थंडगार.

आता वाळवंट. खिवा ते बुखारा साडेचारशे किलोमीटर, सहा-सात तास, किझिलकुम म्हणजे लाल वाळू. राजस्थानसारख्या टेकड्या समजून जाल तर नाराज व्हाल, झुडपं न वाळू, न ट्रक. सकाळी सहाला निघा, पाणी न दशम्या जवळ ठेवा, संडासची सोय चांगली दिसली की थांबूनच घ्या. आणि अमू दर्या नदी लागली की ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगा. गढूळ, रुंद नदी आहे. इथंच बाबांना सांगा की ह्या नदीचं न सिर दर्याचं पाणी 1960 नंतर सोव्हिएत सरकारनं कालवे काढून कापसाकडे वळवलं आणि ज्या अरल समुद्राला ते जात होतं, जगातलं चौथ्या नंबरचं सरोवर, ते बहुतेक आटून गेलं, मोयनाक नावाचं बंदर होतं तिथं आता जहाजं वाळूत गंजून पडली आहेत. आपली पऱ्हाटी पावसावर, त्यांची सगळी कालव्यावर. मी त्या काठावर उभी होती तर डोळ्यांत पाणी आलं दादा, पांढरं सोनं म्हणतो न आपण.

एप्रिलच्या शेवटी ते मे अर्धा, हाच टाइम बरोबर. पोरांच्या परीक्षा झालेल्या, आपल्या पेरणीला अवकाश, आणि तिकडे कापूस नुकताच पेरलेला, कोंब वर आलेले, बाबांना शेतं दिसतील. जून-जुलैत जाऊ नका, चाळीसच्या वर ऊन तर आपल्याकडेच आहे.

मायच्या जेवणाचं मात्र जपा, तिथं पुलावात मांस असतेच, वरून काढून दिलं तरी चरबी आतच राहते, तर माळकरी माणसाला ते चालणार नाही. भोपळ्याचे समोसे मिळतात, पण तेही चरबीत केले नाही न हे विचारूनच घ्या. तंदूरची गोल नान, दही, काकडी-टमाटे, फळं भरपूर. शेंगदाण्याची चटणी न सातूचं पीठ न्याच. औषधाची चिठ्ठी डॉक्टरच्या सहीची ठेवा, कोडीनवालं खोकल्याचं औषध बिलकुल नेऊ नका, कस्टमवाले कडक आहेत.

बुखाऱ्यात ल्याबी-हौज नावाचं चारशे वर्षं जुनं तळं आहे, काठावर म्हाताऱ्या तुती. तिथं चहाला बसा, घाई करू नका. आमच्या समोर निळी किटली आली, त्यावर पांढरी फुलं. आईनं ती हातात फिरवून फिरवून पाह्यली न म्हणाली, 'फुलं नाही वो, हे फुटलेलं बोंड आहे.' चहावाल्या बाईला काय समजलं कोण जाणे, ती हसली न म्हणाली, 'पाख्ता.' कापूस. तशी एक किटली बाबांसाठी घेऊन या, कपड्यांच्या मधात ठेवली की फुटत नाही.

आणि ताश्कंदला शेवटल्या दिवशी वेळ काढून शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी जा. 11 जानेवारी 1966 ला ते तिथंच गेले. बाबा तेव्हा शाळेत असतील, त्यांना आठवत असेल.