त्यांच्या बटणाला तू हात लावू नकोस

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. पी.यू.सी. म्हणजे बारावी झाल्यावर व्यवसायोपचार सहाय्यक व्हायचं तर सुरुवात कुठून करायची, हा पहिला. आणि हे काम आपल्याला झेपेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर अर्ध्या पानात संपेल. दुसऱ्याला वेळ लागेल, आणि मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय.

आधी नावाचा घोळ सोडवू, कारण घरी तुला सारखं समजावून सांगावं लागणार आहे. व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, थोडक्यात ‘ओटी’. पण आपल्याकडे दवाखान्यात ‘ओटी’ म्हटलं की सगळ्यांना ऑपरेशन थिएटरच आठवतं. एका आजोबांच्या कागदावर ‘उद्या ओटीला पाठवा’ असं लिहिलेलं वाचून त्यांची सून वॉर्डात रडायला लागली होती. पुन्हा चिरफाड करणार असं तिला वाटलं. मराठी नावानेही घोटाळा होतो, व्यवसाय म्हणजे धंदा असं लोक समजतात. तू असं सांग: माणूस सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री निजेपर्यंत जे जे करतो, तोंड धुणं, लुगडं नेसणं, भाकरी थापणं, दप्तर भरणं, माग चालवणं, देवाला फूल वाहणं, ते सगळं त्याचे व्यवसाय. आजाराने किंवा अपघाताने त्यातलं जे हातातून सुटलं, ते पुन्हा त्याच्या हाती यावं म्हणून आपण असतो.

आता माझी एक चूक सांगते. मुंबईत शिकत असतानाची आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी मी ती विसरलेले नाही. लकव्याने उजवी बाजू गेलेले एक काका होते. त्यांना शर्ट घालायला शिकवायचं होतं. दुबळा हात बाहीत आधी घालायचा आणि काढताना तोच शेवटी काढायचा, हे त्यांनी दोन दिवसांत बरोबर उचललं. मग बटणं आली. पहिल्या बटणाशी ते दहा-बारा मिनिटं झगडत होते. कपाळावर घाम आला होता. बाहेर चार पेशंट बसलेले, त्यांचे नातेवाईक दारातून डोकावत होते. मी पुढे झाले आणि पाचही बटणं लावून टाकली. अर्धं मिनिटही लागलं नाही. काका ‘थँक्यू’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी शर्ट अंगात चढवून ते माझ्यासमोर छाती पुढे काढून बसले, हात मांडीवर ठेवून. तो आठवडाभर त्यांनी बटणाला बोट लावलं नाही. त्यांची इच्छा मी काढून घेतली होती, तीही मायेपोटी.

म्हणून सांगते, शरीररचना तू पाठ करशील, नसांची नावं लक्षात ठेवशील, परीक्षा पास होशील. अवघड जाईल ते हे, की स्वतःचे हात मागे धरायचे. आपल्या भागात आजारी माणसाचं सगळं करणं म्हणजेच प्रेम. सासऱ्याला घास भरवणाऱ्या सुनेचं गल्लीत कौतुक होतं. ‘तुम्ही स्वतः खा’ म्हणणारी कठोर ठरते. तूही याच वळणात वाढलीस, मीही. तेव्हा नातेवाईक तुझ्याकडे रागाने बघतील, ‘ही बाई नुसती उभी राहून बघते’ असं म्हणतील. पण नुसतं उभं राहणं आणि लक्ष ठेवून उभं राहणं यात फरक आहे. पेशंटने बटण धरलंय की काजाची बाजू धरलीय, मान कुणीकडे कललीय, श्वास रोखलाय का, चिडायच्या बेतात आहे का, हे सगळं तू टिपत असतेस. मदत द्यायची तर सगळ्यात कमी. आधी वेळ, मग शब्द, मग बोटाने दाखवणं, आणि हात लावायचा तो अगदी शेवटी.

हे जमायला एक विद्या लागते, आणि तिची शाळा तुझ्या घरातच आहे. तुझी आई विड्या वळते ना? एक दिवस तिच्याशेजारी वही घेऊन बस. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं, चिमटीत तंबाखू घ्यायची, पानावर सारखी पसरायची, वळायची, दोरा बांधायचा, टोक मुडपायचं. यात कोणत्या हाताने धरलं आणि कोणत्या हाताने काम केलं, अंगठा कधी वाकला, मनगट कधी स्थिर राहिलं, कुठे डोळे लागले आणि कुठे नुसत्या स्पर्शावर भागलं, हे लिही. याला कृतीचं विश्लेषण म्हणतात. तुला वाटेल दहा ओळी होतील. तीन पानं होतील.

असंच मी भाकरीचं केलंय. खानापूर तालुक्यातल्या एक मावशी होत्या, डावी बाजू कमजोर झालेली. खुंट्या भोकात बसवणं असल्या व्यायामात त्यांना काडीचा रस नव्हता. ‘मला भाकरी करता येईल का तेवढं सांगा’ म्हणायच्या. मग भाकरीचेच तुकडे पाडले. पीठ मळताना तळहाताच्या टाचेने दाब द्यावा लागतो, कोपर सरळ होतं, खांद्यावरून वजन खाली उतरतं. लकव्यात आखडलेल्या हाताला हे फार मानवतं. थापताना बोटं उघडी ठेवावी लागतात. भाकरी उचलून तव्यावर टाकताना दोन्ही तळवे वर वळतात, आणि हे सगळ्यात अवघड. वर पुन्हा विस्तव. ज्या हाताला चटका कळत नाही त्याला तव्याजवळ नेणं म्हणजे गुन्हाच. म्हणून पहिले काही दिवस चूल नाहीच. काठवटीत पीठ, त्यावर डावा तळवा, त्याच्यावर उजवा. मग थापणं. मग थंड तवा. थेरपिस्टने हाताची संवेदना तपासून हो म्हटल्यावर आच. पहिली भाकरी फाटली. मावशींनी ती कुणाला देऊ दिली नाही, स्वतः खाल्ली.

इथे तुझ्या कामाची हद्दही सांगायला हवी. पहिली तपासणी, निदानाचा अर्थ लावणं, उपचाराचा आराखडा आखणं आणि बदलणं हे थेरपिस्टचं काम. तो आराखडा रोजच्या रोज पार पाडणं आणि काय घडलं ते परत कळवणं हे सहाय्यकाचं. ही हद्द मानाची बाब समजू नकोस, ती पेशंटच्या जिवाची आहे. कडबा कापायच्या यंत्रात सापडलेला किंवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात प्रेसखाली आलेला हात तुझ्याकडे येईल. बोटं वाकवणारा स्नायूबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, शिवलेला असेल. घरचे लोक बाजारातून मऊ चेंडू आणून देतात, ‘दाबत राहा, ताकद येईल’. पहिल्या सहा आठवड्यांत तशी जोरात मूठ वळली तर शिवलेला बंध तुटू शकतो. पोरगा तुला हौसेने मूठ करून दाखवायला जाईल, तेव्हा ‘वा’ म्हणायचं नाही. चेंडू काढून घ्यायचा, घरच्यांना बसवून समजावायचं आणि थेरपिस्टला त्याच दिवशी सांगायचं. स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार, काढल्यावर कातडी बघायची. लाल वळ वीस मिनिटांनंतरही गेला नसेल तर स्प्लिंट तिथे रुततोय. पट्टी सैल करून भागवू नकोस, कळव.

पण हेही खरं, की जे तुला दिसेल ते थेरपिस्टला दिसणार नाही. ती अर्धा तास येऊन जाते, तू तासन् तास सोबत असतेस. एका आजींच्या ताटात रोज डावीकडची भाजी तशीच राहायची. सून म्हणायची, ‘आवडत नाही त्यांना.’ आमच्या सहाय्यक मुलीने एक दिवस नुसतं ताट अर्धं फिरवलं. आजींनी तीच भाजी मिटक्या मारत खाल्ली. त्यांची नजर ठीक होती, मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नव्हता. हे कोणत्याही यंत्राने नाही, एका वीस-बावीस वर्षांच्या मुलीने शोधलं.

अशा गोष्टी लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लाव. ‘पेशंटची प्रगती चांगली’ याला नोंद म्हणत नाहीत. ‘पाचपैकी तीन बटणं स्वतः लावली, 11 मिनिटं, दोनदा आठवण करून दिली’ ही नोंद. बार्थेल इंडेक्स तुला शिकवतील, माणूस रोजची कामं स्वतः किती करतो ते मोजायचं माप. खाणं, अंघोळ, कपडे, संडास, जिने अशा दहा गोष्टींचे मिळून 100 गुण असतात. 1965 मध्ये ते प्रसिद्ध झालं, आता जगभर वापरतात. त्यात चालण्याला 15 आणि अंघोळीला 5 आहेत, पण अंघोळीचे ते पाच गुण एखाद्या बाईला बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोठे असतात. परक्या हाताने अंघोळ घालून घेणं काय असतं ते तिलाच माहीत.

बरं, आता पहिला प्रश्न. 2021 मध्ये आरोग्य क्षेत्रातल्या संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. व्यवसायोपचार त्यात येतो. सहाय्यक पातळीच्या पदविकेला किंवा पदवीला त्या कायद्याने किमान 2000 तास ठरवलेत, दोन ते चार वर्षांत मिळून. तेव्हा ‘सहा महिन्यांत सर्टिफिकेट’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यासमोर बसून हिशेब मांड: महिन्याला 26 दिवस धरले तरी रोज जवळजवळ तेरा तास शिकवावं लागेल. फी भरण्याआधी संस्थेची मान्यता लेखी बघ आणि प्रत्यक्ष पेशंटसोबत किती तास मिळणार ते विचार. पुढे पूर्ण थेरपिस्ट व्हायचं मनात असेल तर मुंबईत के.ई.एम., सायन, नायर, तिकडे नागपूरचं सरकारी कॉलेज आणि आपल्या कर्नाटकात मणिपाल इथे पदवी आहे. त्यासाठी पी.यू.सी.ला जीवशास्त्र हवं, ते तुझं आहेच. आणखी एक लक्षात ठेव: कर्नाटकात पंचायत पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते आणि तालुक्याला बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ते असतात. त्यांच्याशी ओळख ठेव. दवाखान्यातून घरी गेलेल्या पेशंटचं पुढे काय झालं, हे पुष्कळदा त्यांच्याकडूनच कळतं.

ही वाट आपल्या देशात एका बाईने पाडली, हे तुला ठाऊक असावं. कमला निंबकर, जन्माने अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरात आलेल्या. 1950 मध्ये त्यांनी मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. परक्या मुलखात, परक्या भाषेत. मी शिकत असताना हे वाचलं आणि माझी बेळगावहून मुंबईला आल्याची धास्ती निम्मी झाली.

भाषेचं निघालंच आहे तर सांगते. कन्नड नीट शीक. तू निपाणीची, कोल्हापूर तुला जवळचं वाटतं, घरात आणि शाळेत मराठी, हे मला माहीत आहे. पण अथणीहून, गोकाकहून आलेल्या अज्जीचा हात तुझ्या हातात असताना भाषेचा वाद कामाला येत नाही. ‘एत्तरी’ म्हटलं की तिने हात उचलला पाहिजे, ‘हिडीरी’ म्हटलं की धरलं पाहिजे, ‘बिडरी’ म्हटलं की सोडलं पाहिजे. ‘नोव’ हा शब्द तर झोपेतही कळला पाहिजे, कारण दुखतंय हे तिने सांगितलं आणि तुला कळलं नाही तर नुकसान तिचं. आणि वयाचा मान ठेव. ‘अज्जी’, ‘काका’, ‘अक्का’ म्हण. तोंडावर ‘पेशंट’ म्हणू नकोस.

तुझ्या पाठीचीही काळजी घे. पेशंटला चाकाच्या खुर्चीत हलवताना आधी ब्रेक, मग पायपट्ट्या वर, खुर्ची त्यांच्या धडधाकट बाजूला. कमरेच्या पट्ट्याला धरायचं. काखेत हात घालून उचलायचं नाही आणि लुळा हात तर कधीच ओढायचा नाही, लकव्यात खांदा बऱ्याचदा आधीच निसटलेला असतो.

आणि घरं बघायला जा. दवाखान्यात सगळं गुळगुळीत असतं. घरी उंबरा असतो, न्हाणीत शेवाळ असतं, संडासात उकिडवं बसावं लागतं. चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की दुबळ्या मुठीत तो बसतो. ताटाखाली ओलं फडकं घातलं की ताट सरकत नाही. यासाठी कुणाला हजारो रुपये घालायला लावू नकोस.

काही जण बरे होणार नाहीत. बेळगावातल्या वडगावचे एक मागवाले होते, त्यांची बोटं परत आली नाहीत. आम्ही वर्षभर प्रयत्न केले. शेवटी त्यांनी धोट्याला हात लावणं सोडलं, पण मागाजवळ बसून पोराला कुठला धागा तुटलाय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. तेही आम्ही नोंदीत लिहिलं.

आता तुला एक काम देते. येत्या रविवारी तुझा उजवा हात ओढणीने छातीशी बांध, सकाळी उठल्यापासून जेवण होईपर्यंत. दात घास, वेणी घाल, सलवारची नाडी बांध, भाकरी मोडून खा. आईला आधी सांगून ठेव. तरी ती मध्येच धावत येईलच. ती आली त्या क्षणी तुला काय वाटलं, ते मला लिहून पाठव. पत्र डाव्या हाताने लिही, अक्षर कसं का येईना, आणि किती वेळ लागला तेही वर कोपऱ्यात टाक.

तुझी,
मावशी