सोडण्याआधी मोजून बघ

प्रिय मित्रा,

‘रोज दारू घेतो, पण कामात कुठे कमी पडत नाही. मग हे व्यसन कसं?’ असं तू विचारलं आहेस. नोकरी शाबूत आहे यावरून काहीच ठरत नाही. पुष्कळांची नोकरी फार उशिरा जाते. झोप, पैसा आणि घरातला संवाद त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो.

आधी मोज. ‘रोज एक क्वार्टर’ ऐकायला थोडी वाटते. पण ४२.८ टक्क्यांच्या १८० मिली व्हिस्कीत साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. १० ग्रॅमचं एक युनिट धरलं तर ही ६ युनिटं झाली. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली ४ युनिटांच्या आसपास जाते, तेव्हा ‘मी फक्त बिअर पितो’ यात समाधान मानू नकोस. दोन आठवडे वहीत तीन रकाने भर: किती वाजता सुरू केली, किती घ्यायची ठरवली होती, प्रत्यक्षात किती घेतली. ओततानाच लिही, दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेला आकडा हमखास कमी भरतो. शेवटच्या दोन रकान्यांत रोज फरक पडत असेल, तर तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

उरलेलं असं तपास. तीव्र ओढ लागते का? पिण्यावरचा ताबा सुटतो का? पूर्वीइतकीच नशा यायला आता जास्त लागते का? न घेतल्यास शरीर बंड करतं का? बाकीचे छंद, माणसं मागे पडली का? नुकसान दिसत असूनही पिणं चालूच आहे का? या सहांपैकी तीन गोष्टी वर्षभरात एकत्र दिसल्या, तर डॉक्टर त्याला अवलंबित्व म्हणतात. हा आजार आहे, त्यात तुझ्या चारित्र्याचा निवाडा नाही.

आता सगळ्यात कळकळीचं सांगणं. सकाळी चहा बशीत सांडत असेल, बँकेच्या फॉर्मवरची सही जुळत नसेल आणि एक घोट घेतल्यावर हात स्थिर होत असेल, तर उद्यापासून एकदम बंद, अशी शपथ घरात एकट्याने घेऊ नकोस. शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, वेळ-जागेचं भान सुटतं. त्यात जीव जाऊ शकतो. कारण साधं आहे: दारू मेंदूला दाबून ठेवते आणि मेंदू त्याविरुद्ध जोर लावायला शिकतो, दारू अचानक थांबली की तो जोर तसाच उरतो. डॉक्टर काही दिवस शांतक गोळ्या देऊन त्या पायरीपायरीने कमी करतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. त्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नकोस. त्यांचीही सवय लागते.

पुण्यात जायला जागा आहेत. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात बाह्यरुग्ण म्हणून दाखवता येतं. येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये ते सुरू केलं. तिथला निवासी उपचार पस्तीस दिवसांचा म्हणून ओळखला जातो. इतके दिवस कशाला, असं वाटेल. दारू थांबल्यावरचा शरीराचा त्रास साधारण आठवड्याभरात ओसरतो. संध्याकाळी सात वाजता काय करायचं, हे शिकायला त्याहून जास्त वेळ लागतो. आधी नुसतं बोलायचं असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे.

दुसरं एखादं केंद्र निवडलंस तर फोनवरच विचार: नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कोण बघतं, घरच्यांना भेटू देतात का. माणसाला गाडीत घालून उचलून नेण्याची तयारी दाखवणारं केंद्र घेऊ नकोस.

घरच्यांनाही एक सांग. जेवणात गुपचूप मिसळायची ‘दारू सोडवणारी पावडर’ कुणी सुचवेल. अशा पावडरीत डायसल्फिरामसारखं औषध असू शकतं. ते पोटात असताना दारू गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायचं असतं.

उपचारानंतर एखादी घसरण झाली तर लपवू नकोस. त्याच दिवशी समुपदेशकाला कळव. बहुतेकदा आधी जेवण चुकलेलं असतं, भांडण झालेलं असतं, जागरण किंवा एकटेपणा असतो. नेमकं काय होतं ते सापडलं की पुढची आखणी तिथून करता येते.

पहिल्या भेटीला ती वही, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं आणि घरातलं एक माणूस सोबत ने. शेवटचा घोट किती वाजता घेतला, हे डॉक्टरांना खरं सांग. गोळ्यांचा डोस ठरवताना त्यांना ते लागतं. यापूर्वी कधी फिट आली असेल तर ते बसल्याबरोबर सर्वांत आधी सांग.

तुझा हितचिंतक