‘पेरिटोनियल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : वैद्यकीय मजकुराचे भाषांतर करताना ‘पेरिटोनियल’ हे विशेषण वारंवार येते. त्यासाठी ‘उदरीय’ किंवा सरळ ‘पोटाचा’ असे लिहिले तर चालेल का? इतर भाषांनी याची सोय कशी केली आहे?

उत्तर : ‘उदरीय’ चालणार नाही, कारण पोट आणि पोटाचे अस्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उदरपोकळीच्या भिंतींना आतून लागून असलेले आणि तेथूनच वळून जठर, यकृत, आतडी यांवर पसरलेले पातळ, ओलसर पटल म्हणजे पेरिटोनियम. मूत्रपिंडे उदरात असतात, पण या पटलाच्या मागे. म्हणूनच त्यांना ‘रेट्रोपेरिटोनियल’ म्हणतात. तेथे ‘उदरीय’ लिहिले, तर शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला नेमका तोच भेद पुसला जातो.

मूळ शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘भोवती ताणलेले’ असा आहे. लॅटिनमार्गे तो युरोपभर गेला आणि स्पॅनिशमध्ये ‘पेरितोनेआल’, इटालियनमध्ये ‘पेरितोनेआले’ अशी जवळजवळ सारखीच विशेषणे झाली. त्यांत सांगण्यासारखे फारसे नाही. जर्मनची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. तेथे ‘पेरिटोनेआल’ आहेच, पण त्याच्या जोडीला ‘बाउखफेल’ हा घरचा शब्दही आहे. ‘बाउख’ म्हणजे पोट आणि ‘फेल’ म्हणजे कातडे. कानाच्या पडद्याला आणि फुप्फुसावरणालाही जर्मन माणूस असेच कुठले तरी ‘फेल’ म्हणतो. ‘बाउखफेल’ला पुढचे नाम जोडले की या पटलाचा दाह, या पटलाचा गाळणीसारखा वापर करून रक्त शुद्ध करणारे डायलिसिस अशी सगळी कामे भागतात आणि विशेषणावाचून अडत नाही. जपानीतही तसेच घडते : ‘फुकुमाकु’, म्हणजे उदरपटल, याला दाहवाचक ‘एन’ जोडून ‘फुकुमाकुएन’ होते.

रशियनने दोन्ही वाटा धरल्या आहेत. डायलिसिसपुढे ग्रीक वळणाचे विशेषण येते, पण पटलामागच्या जागेसाठी ‘ब्र्युशिना’ या स्वतःच्या नामापासून, ‘मागे’ या अर्थाचा उपसर्ग लावून, विशेषण घडवले जाते.

मराठीत ‘उदरावरण’ आहे आणि ‘परि’ व ‘उदर’ यांच्या संधीने झालेला ‘पर्युदर’ही आहे. मला दुसरा अधिक सोयीचा वाटतो, कारण त्यापासून ‘पर्युदरीय’, ‘पर्युदरशोथ’ (शोथ म्हणजे दाह), ‘पश्चपर्युदरीय’ अशी मालिका ओढाताण न करता तयार होते. अर्थात हे शब्द पाठ्यपुस्तकाचे. रुग्णासाठी लिहायचे असेल, तर ‘पोटाच्या आतील अस्तराचा दाह’ असेच लिहावे, आणि डायलिसिसच्या बाबतीत ‘पेरिटोनियल डायलिसिस’ हे नाव कायम ठेवावे; रुग्णाच्या कागदपत्रांवर तेच छापलेले असते आणि डॉक्टरही तेच उच्चारतात.